ओचा कुठी हाये?

यंदाच्या अंकाचा विषय 'वस्त्र' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा पैठणीवर लिहावं असं पहिल्यांदा मनात आलं. पण पैठणीच्या येवल्यावर आजवर पुष्कळांनी लिहिलं आहे. माझ्या डोक्यात वर्षभर एक वेगळीच गोष्ट घोळत होती. जुन्या काळातले पोशाख शिवून दाखवणाऱ्या मराठी बायका आता मोबाइलवर जागोजाग दिसतात. जिजाऊंचा वेश, झाशीच्या राणीचा वेश, बाळ शिवबाचा अंगरखा. आणि त्यांच्या चित्रफितींखाली लोक त्यांना जे बोलतात ते वाचवत नाही. त्यांपैकी एखादीच्या घरी जाऊन बसावं आणि ती काय करते ते पाहावं, असं ठरवलं आणि पोळ्याच्या आठवडाभर आधी बोरगावला गेले.

नागपूरहून सावनेर, पुढे केळवद, आणि मग राज्याची सीमा. पाट्या हिंदीत होतात, पण चहाच्या टपरीवरची भाषा बदलत नाही. बोरगाव मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात आहे. हा तालुका 2023पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होता. आता पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला आणि पांढुर्णा-सौंसर हे दोन्ही तालुके त्यात गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी आणि संत्र्याचे बगीचे. गावाजवळ औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे 1991पासून रेमंडचा कापडाचा कारखाना आहे. सूट-पँटचं लोकरमिश्रित कापड तिथे मागांवरून वाहत असतं. त्याच्यापासून थोड्या अंतरावर, दहा बाय दहाच्या खोलीत, पायाच्या मशीनला मोटर जोडून एक बाई नऊवारी शिवत बसली होती.

तिने नाव न छापण्याची अट घातली. मी इथे तिला ताईच म्हणते. खोलीत दोन मशीन, भिंतीला लावलेला कापायचा फळा, खुंटीवर तयार ब्लाउज, आणि एका कोपऱ्यात मोबाइल अडकवायची तिपाई. महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि ज्येष्ठा-कनिष्ठेला नेसवायला आता अनेक घरांत शिवलेली नऊवारी लागते. त्यामुळे मशीन थांबत नव्हतं. टीप मारता मारताच ती बोलत होती.

कापड कसं उभं राहतं

आधी ते काम समजून घेऊ. टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते जवळून पाहिलेलं असतं.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. आपल्या आज्या ते हातांत मोजायच्या, अठरा हात. नेसायचं लुगडं अखंड असतं. त्याला कात्री लागत नाही, टाका पडत नाही. शिवलेल्या नऊवारीत नेमकं उलटं होतं. ताईने साडी फळ्यावर पसरली, खडूने रेघा मारल्या आणि काठाला धक्का न लावता कापड वेगळं केलं. दोन पायांचे दोन भाग, सैल पायजम्यासारखे. त्यांच्या मधोमध मागून काष्ट्याचा काठ येतो. तो काठ दोन्ही बाजूंनी बरोबर जुळला तरच मागून पाहणाऱ्याला नेसल्यासारखं वाटतं. पुढे निऱ्या घालून त्या कमरेच्या पट्टीत कच्च्या टाक्याने धरायच्या, मग पक्की टीप. कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक, बाजूला झिप. पदर वेगळा, चुण्या घातलेला, खांद्यावर पिनेने लावायचा.

"काठ हुकला त सारंच हुकते जी," ताई म्हणाली. सहावारीतून नऊवारी काढायची असेल तर कापड पुरत नाही, तेव्हा आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, दुसरं कापड जोडावं लागतं. हा जोड कुठे घ्यायचा, हे तिने शोधून काढलं आहे आणि तेच ती तिच्या चित्रफितींतून शिकवते. बाजारात या प्रकारांना नावं आहेत: ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी, शाही मस्तानी. गिऱ्हाईक हीच नावं घेऊन येतं. ही सगळी शिंप्यांची, दुकानदारांची नावं आहेत. निऱ्यांची संख्या, काष्ट्याचं रूप, पदराची ठेवण यांवरून ती पडतात. पेशवाईत कोण काय नेसत होतं याचा तो दाखला होऊ शकत नाही. पण नावात 'पेशवाई' आलं की पाहणारा इतिहासाची वही उघडून बसतो.

कपड्यावरून बाईवर

ताईवर टीकेची झोड उठली ती जानेवारीत. 12 जानेवारीला जिजाऊ जयंती. शाळेतल्या एका मुलीला जिजाऊ व्हायचं होतं. आईने साडी आणून दिली, ताईने शिवली, आणि शिवतानाचं सगळं मोबाइलवर टिपून लोकांसमोर ठेवलं. नाव दिलं, 'जिजाऊंची नऊवारी कशी शिवायची'.

पहिले दोन दिवस शिवणाऱ्या बायकांचे प्रश्न येत होते: माप किती घ्यायचं, अस्तर लावायचं का. मग कुणीतरी तो तुकडा उचलून दुसरीकडे टाकला आणि सूर बदलला. जिजाऊसाहेबांच्या लुगड्याला झिप होती का, असं एकाने विचारलं. हा प्रश्न कपड्याबद्दल होता, आणि माझ्या मते रास्त होता. पुढचे तसे नव्हते. तिचं शिक्षण निघालं, जात निघाली, रंग निघाला. आणि मग ते वाक्य आलं जे सांगताना तिने मशीन थांबवलं: मध्य प्रदेशातली बाई आम्हाला मराठी संस्कृती शिकवणार का?

हे वाक्य बोरगावात बसून ऐकायला हवं. 1956मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या मध्य प्रांतातला नागपूरचा मराठी मुलूख मुंबई राज्यात गेला आणि हा तालुका छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. रेघ मारली गेली म्हणून इथल्या बायकांनी लुगडं नेसायचं थांबवलं नाही. पोळा, मारबत, महालक्ष्म्या, हळदीकुंकू, सगळं तिथेच राहिलं. मुलं हिंदीत शिकतात, घरात नागपुरी बोलतात. ज्यांनी ही भाषा आणि हे सण राज्याच्या पाठबळाशिवाय सत्तर वर्षं जपले, त्यांच्यातल्या एका बाईला तिच्याच भाषेतली माणसं परकी ठरवत होती. मला ते फार लागलं, आणि अजून लागतं.

"म्या काय इतिहास लिवला का?" ताई म्हणाली. "पोरीले गॅदरिंगमदी उभं राहाचं होतं. मायनं कपडा देल्ला, म्या शिवून देल्ला."

तिने ती चित्रफीत काढून टाकली. दोन महिने काहीच टाकलं नाही. त्या दोन महिन्यांत बाहेरगावच्या ऑर्डरी आल्या नाहीत, कारण ते गिऱ्हाईक चित्रफिती पाहूनच येतं. तिचे सासरे बाहेर ओसरीवर बसून आमचं ऐकत होते. पांढुर्ण्याची गोटमार त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची माणसं एकमेकांवर दगड फेकतात, दर वर्षी माणसं जखमी होतात. ते म्हणाले, "थे वर्षातून एक डाव होते. दगड मारनारा दिसते तरी."

झुंबरातला दिवा

ताईला जे सोसावं लागलं ते मोठ्या माणसांनाही चुकलेलं नाही, फक्त त्यांच्यामागे निर्मितीसंस्था उभ्या असतात. 2015च्या नोव्हेंबरात 'बाजीराव मस्तानी'तलं 'पिंगा' हे गाणं आलं आणि महाराष्ट्रात काहूर उठलं. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या हे लोकांना पटलं नाहीच, पण नऊवारीही पटली नाही. ती इतकी खाली का नेसली आहे, कुलीन घरातली स्त्री अशी वावरेल का, हे प्रश्न विचारले गेले. पेशव्यांच्या वंशजांनीही जाहीर नापसंती नोंदवली. चित्रपट डिसेंबरात आला आणि वेशभूषेसाठी अंजू मोदी आणि मॅक्सिमा बसू यांना फिल्मफेअर मिळालं. आज बाजारात जी 'मस्तानी नऊवारी' विकली जाते तिच्या मागणीत त्या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. ज्या गाण्यावर आक्षेप घेतला, त्याच गाण्याचा कपडा लग्नांत, मंगळागौरीत घराघरांत पोचला.

2022च्या डिसेंबरात 'वेडात मराठे वीर दौडले सात' या चित्रपटाची पहिली झलक आली. अक्षय कुमार शिवाजी महाराजांच्या वेशात चालत येतात आणि वर झुंबरात विजेचे दिवे लागलेले. एडिसनचा दिवा 1879चा, महाराजांचं निधन 1680चं. लोकांनी ते बरोबर हेरलं. ही टीका मला मनापासून आवडली, कारण त्यात एक वस्तू होती, एक सन होता आणि चूक कुणालाही तपासता येत होती.

परदेशातही हा प्रकार आहे. जुन्या पद्धतीचे झगे, कोट, कंबरपट्टे हाताने शिवून दाखवणाऱ्यांचा तिथे मोठा गोतावळा झाला आहे. लंडनमध्ये राहणारी बर्नाडेट बॅनर त्यांतली एक, तिचे पाहणारे दहा लाखांच्या वर आहेत. अमेरिकेत यादवी युद्धातल्या लढायांचे प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींत तर यासाठी खास शब्दच आहेत. ढिसाळ, खोटा पोशाख घालून येणाऱ्याला ते 'फार्ब' म्हणतात, आणि दुसऱ्याच्या कोटाचे धागे मोजत फिरणाऱ्याला 'थ्रेड काउंटर', म्हणजे धागे मोजणारा. दोन्ही शब्द नावं ठेवायलाच वापरतात. चुकीचं घालणाऱ्याइतकाच, चूक काढण्यातच रमणाराही तिथे लोकांना नको असतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.

बेंद्र्यांनी काय केलं

वेशाबद्दलची चांगली टीका कशी असते याचं उदाहरण आपल्याकडेच आहे, आणि ते मोबाइलच्या फार आधीचं आहे. एके काळी महाराष्ट्रात शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र छापलं जात असे ते महाराजांचं नव्हतंच; ते इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान सरदाराचं होतं. पाठ्यपुस्तकांत, घरांच्या भिंतींवर तेच. वा. सी. बेंद्रे या इतिहास संशोधकांना हे खटकलं. त्यांनी शोध घेतला, डच साधनांतलं महाराजांचं चित्र हाती लागलं आणि 1933मध्ये ते लोकांपुढे ठेवलं. शिरोभूषणाचा घाट, दाढी, अंगरखा, सारं बदललं. आज आपण महाराजांचा चेहरा म्हणून जो ओळखतो त्यामागे ते काम आहे.

बेंद्र्यांनी जुनं चित्र छापणाऱ्यांना शिव्या दिल्या असत्या तर ते चित्र आणखी पन्नास वर्षं छापलं गेलं असतं. त्यांनी बरोबर चित्र आणून दिलं. वेशभूषेवर बोलणाऱ्या प्रत्येकाकडून माझी एवढीच अपेक्षा आहे.

स्त्रियांच्या पोशाखाबाबत तर हे काम आणखी अवघड आहे. जिजाऊ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे जे रूप येतं ते चित्रकारांनी, कॅलेंडरांनी आणि चित्रपटांनी घडवलेलं आहे. राजा रविवर्म्याने 1894मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. कोल्हापूरच्या म. वि. धुरंधरांनी शिवराज्याभिषेकही रंगवला आणि ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकासाठी साध्या घरांतल्या बायकाही. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांनी पडद्यावरचा मावळा ठरवला. हे सगळे मोठे कलावंत, पण ते सतराव्या शतकात गेले नव्हते. तेव्हा ताईची जिजाऊ 'खरी' नाही असं म्हणणाऱ्याच्या मनातली खरी जिजाऊ बहुतेक वेळा एखाद्या कॅलेंडरातून आलेली असते.

मग जुने कपडे गेले कुठे? राजघराण्यांचे थोडे संग्रहालयांत आहेत. शेतात राबणाऱ्या बाईचं लुगडं मात्र विरलं, फाटलं, आणि गोधडीत गेलं. आमच्या भागातल्या कुठल्याही जुन्या गोधडीची शिवण उसवा, आत तीन पिढ्यांची लुगडी निघतात. कष्टकरी बाईच्या पोशाखाचा पुरावा आपण पांघरून झोपलो.

झिप दिसते, पॉलिस्टर दिसत नाही

शिवलेल्या नऊवारीत दोष नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत, आणि ते सांगितलेच पाहिजेत. मात्र ज्या गोष्टीवर लोक तुटून पडतात ती बहुधा सर्वांत किरकोळ असते. झिप आत लपते, तरी तिच्यावरून रान उठतं. अख्खी साडी पॉलिस्टरची असते आणि त्यावर कुणी बोलत नाही. पॉलिस्टरचा धागा 1941मध्ये इंग्लंडात तयार झाला. झगझगीत जांभळा, राणी कलर, हे रासायनिक रंग 1856मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढल्यानंतरचे. त्याआधी इकडे लाल म्हणजे आल नावाच्या झाडाच्या मुळांचा, निळा म्हणजे निळीचा. पदर खांद्यावर धरणारी सेफ्टी पिनसुद्धा 1849ची, न्यूयॉर्कची. शिवकालीन म्हणायचं असेल तर आधी धागा आणि रंग बदलावा लागेल, मग टाका.

हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, सुती लुगडं आता मिळतं कुठे आणि केवढ्याला? हा प्रश्न मला निरुत्तर करून गेला. या तालुक्यात लोधीखेडा, सौंसर इथे हातमाग होते, नागपूरला कोष्ट्यांची वस्ती होती. हातमागाचं नऊवारी सुती लुगडं शाळेच्या एका दिवसासाठी कुठल्याही मजुराच्या घराला परवडणार नाही. पॉलिस्टर ही तिची निवड नाही, तिच्या गिऱ्हाइकाच्या खिशाची मर्यादा आहे.

आणि शिवण्यालाच कमी लेखणाऱ्यांना मी भानू अथैयांची आठवण करून देईन. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली ही मुलगी. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी जॉन मोलोंबरोबर त्यांना 1983मध्ये ऑस्कर मिळालं, भारतात आलेलं पहिलं. 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याच्या भिंती अभ्यासल्या. याच भानूताईंनी 1968च्या 'ब्रह्मचारी'त मुमताजला जी नारिंगी साडी दिली ती शिवलेली होती, झिप लावलेली, कारण तिला नाचायचं होतं. पुरावा कुठे पाळायचा आणि अंगाची सोय कुठे पाहायची, हे त्यांना कळत होतं. ते कळणं हेच वेशभूषाकाराचं कसब आहे.

आजीने काढलेली चूक

दुपारी ताईने शेजारच्या घरातून एका आजींना बोलावलं. वय ऐंशीच्या पुढे. अंगावर सुती लुगडं, काठ विटलेला, डोक्यावरून पदर. ताईने त्यांना नुकतीच शिवलेली महालक्ष्मीची नऊवारी दाखवली. आजींनी ती हातात घेतली, आतून बाहेरून उलटवली, काष्ट्याचा काठ बोटांनी तपासला, मान डोलावली. मग पुढच्या निऱ्यांत हात घातला आणि विचारलं:

"याले ओचा कुठी हाये?"

ताई म्हणाली, शोभेच्या निऱ्या आहेत, शिवलेल्या आहेत.

"मंग कापूस कुठी धरू?"

आजींनी उभं राहून दाखवलं. आधी कमरेला गच्च गाठ. परकर नाही, नाडी नाही, सगळा भार त्या एका गाठीवर. मग पदराकडचा भाग अंगाभोवती फिरवून खांद्यावर. मधे उरलेल्या कापडाच्या निऱ्या, त्या खोचल्या, आणि खालचं टोक दोन पायांमधून मागे नेऊन पाठीशी खोचलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग पुढचं सैल कापड ओढून पोटाशी वळवलं आणि तिथे झोळी तयार झाली. हाच ओचा. वेचणीला गेलेली बाई बोंडातला कापूस त्यात टाकत जाते. बोरं, शेंगा, भाजी, कुणी दिलेले दाणे, सगळं त्यात. वाकता येतं, बसता येतं, बांधावरून उडी मारता येते. काम उंच असेल तर काष्टा वर घ्यायचा, पाण्यातलं असेल तर आणखी वर. एकच कापड दिवसभरात चार वेळा आपलं रूप बदलतं, बाई ते हाताने बदलते. शिवल्यावर ते एका रूपात कायमचं थिजतं.

इतक्या दिवसांत मी वाचलेल्या सगळ्या टीकेत हे कुणीच म्हटलं नव्हतं. शिवलेल्या नऊवारीत नेमकं काय हरवतं हे त्या बाईने एका प्रश्नात सांगितलं, आणि शिवणाऱ्या बाईला एका शब्दाने दुखावलं नाही. उलट काठ चांगला जुळवल्याचं कौतुक केलं.

ताईने लगेच फळ्यावर खडू घेतला. निऱ्यांच्या वरच्या पट्टीत वीतभर जागा मोकळी सोडली, दोन्ही कडांना टीप मारली आणि मधे कापड सैल ठेवलं. पहिल्यांदा झोळी फार खाली लोंबली. उसवलं. दुसऱ्यांदा पट्टी वर घेतली. आजी शेजारी बसून बोटाने दाखवत होत्या, एवढं नको, इथपर्यंत. संध्याकाळपर्यंत एक नमुना झाला. तो नेसलेल्या लुगड्यासारखा नाही, पण त्यात मूठभर कापूस राहतो.

निघण्याआधी ताईने तिपाईवर मोबाइल लावला. या वेळी तिने आधी आजींचं नेसणं टिपलं, गाठीपासून ओच्यापर्यंत, आणि त्यानंतर आपली शिवण. सुरुवातीला तिने स्वतःच्या आवाजात सांगितलं की ही नेसायची पद्धत आजींची आहे, बोरगावची आहे, आणि त्यानंतरची शिवलेली सोय माझी आहे. 2017मध्ये 'द सारी सीरिज' नावाच्या एका उपक्रमात भारतभरातल्या साडी नेसण्याच्या ऐंशीहून अधिक तऱ्हा छोट्या फितींमध्ये नोंदवल्या गेल्या. ते मोठं काम आहे. पण दर पंधरा कोसांवर काष्टा बदलतो, आणि ते नोंदवायला प्रत्येक गावात कुणीतरी तिपाई लावून बसावं लागेल.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी पेटीत एखादं जुनं लुगडं असेल तर गोधडीत घालण्याआधी त्याची लांबी हातांत मोजा, काठाचा आणि पदराचा फोटो काढा, ते कुणाचं, कुठल्या गावचं, कुठून घेतलेलं, हे कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवा. आजी असतील तर त्यांना नेसून दाखवायला सांगा आणि ते टिपून ठेवा. आणि कुठल्या शिवणाऱ्या बाईचं चुकलेलं दिसलं, तर तो फोटो तिला पाठवा.